मलिकूच्या समुद्रावर दोन प्रहर

समुद्राच्या शेजारीं जन्म काढून समुद्रावर कधीं पाऊल न ठेवणारीं माणसें कोकणांत थोडीं नाहींत, आणि त्यांत आमचें नांव अग्रभागीं घालण्यास आमची हरकत नाहीं. दापोली तालुक्यांत किनाऱ्यालगतच्या एका शाळेंत आम्हीं एकतीस वर्षें संस्कृत व मराठी शिकविलें. वर्गाच्या खिडकींतून समुद्र दिसे, भरतीच्या वेळीं गाज ऐकूं येई. पण पाण्यावर बसण्याचा योग आला तो दाभोळची खाडी ओलांडण्यापुरता. म्हणून गेल्या नाताळच्या सुटींत थोरल्या चिरंजीवांनीं आम्हां पांच माणसांस लक्षद्वीपच्या जलप्रवासास पाठविण्याचा घाट घातला, तेव्हां आम्हीं प्रथम नकारच दिला. पुढें धाकटे बंधु, भावजय आणि चौदा वर्षांचा नातू या तिघांनीं एकमत केलें, व आमच्या कुटुंबानेंही त्यांनाच कौल दिल्यामुळें आमचा नकार एकाकी पडला.

बेटांवर जाण्यास सरकारी परवाना लागतो. तो हातीं आल्यावर कोकण रेल्वेनें एर्नाकुलम आणि तेथून कोचीच्या धक्क्यावरून जहाज, असा मार्ग होता. दिवसा बेटावर उतरावयाचें आणि रात्रीं जहाजावर निजावयाचें, असा तीन बेटांचा क्रम. जहाज खोल पाण्यांत उभें राहतें व लहान बोटींनीं माणसें किनाऱ्यावर नेतात. त्या बोटींत उतरतांना लाटेचा अंदाज घेऊन पाय टाकावा लागतो, आणि साठी उलटलेल्या माणसास तेवढें धाडस पुरेसें होतें. कवरत्ती आणि कल्पेनी ही दोन बेटें आम्हीं इतर प्रवाशांसारखींच पाहिलीं. नारळीचीं बनें, पांढरी वाळू, कांचेसारखें पाणी. वर्णन कोणीही करील, आणि पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस लिहावयाचें आहे तें तिसऱ्या बेटाविषयीं.

त्याचें नकाशावरचें नांव मिनिकॉय, आणि तेथील लोकांच्या तोंडचें मलिकू. लक्षद्वीप समूहांतलें हें अगदीं दक्षिणेकडचें बेट. कोचीपासून सुमारें चारशें किलोमीटर, आणि पलीकडे आठ अंशांची सामुद्रधुनी ओलांडली कीं मालदीव. कारभार १९५६ पासून लक्षद्वीपबरोबर. परंतु भाषा मालदीवच्या वळणाची. उरलेल्या बेटांवर मल्याळम चालते, येथें महल. ही उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून आम्हीं ती अरबीचीच कोणी बहीण असावी असा तर्क केला होता, तो पहिल्या अर्ध्या तासांतच कोसळला. बोट किनाऱ्यास लावतांना खलाशी आंकडे मोजीत होता. सातास 'हत', आठास 'अश', दहास 'दिह' असे उच्चार कानीं पडले आणि आम्ही चमकलों. सप्ताचा 'स' जाऊन 'ह' आला. फारशींत हफ्त झालें आणि आपल्या घरांत हप्ता आला, तीच ही वाट. माशाला तेथें 'मास' म्हणतात. मत्स्य शब्द इतक्या दूर पाण्यांतून पोहत जाऊन तेथें लागला आहे! ही भाषा सिंहलीची नातलग, म्हणजे आपल्याही गोतांतली. हें आम्हीं मोठ्या उत्साहानें कुटुंबास सांगितलें. "मग मासा खाल्लात तरी चालेल म्हणा कीं!" एवढेंच उत्तर मिळालें.

प्रवाशांस माहिती सांगण्यास तेथील शाळेंतले एक शिक्षक आले होते. वय चाळिशीचें, हिंदी स्वच्छ. आम्हीही त्याच पेशाचे असें कळतांच त्यांनीं आम्हांस 'मास्टरजी' म्हणून जवळ केलें. दीपस्तंभ पाहावा, खेड्यांत हिंडावें, जेवावें आणि पोहावें, असा दिवसाचा बेत होता. १८८५ साली उभा राहिलेला तो उंच दीपस्तंभ खरोखर पाहण्याजोगा आहे. पण नातवाचा डोळा धक्क्याजवळच्या एका होडीवर होता. मागचा भाग चौथऱ्यासारखा सपाट, त्यावर लांबच लांब बांबूच्या काठ्या आडव्या ठेवलेल्या. शिक्षक म्हणाले, "माझ्या मोठ्या भावाची बोट आहे. आतां निघेल. यायचें असल्यास या. मात्र दुपारीं अडीचला परत आणावें लागेल, चारला तुमची शेवटची बोट." त्यांनीं धक्क्यावरच्या अधिकाऱ्यांस विचारून होकार मिळविला. बंधूंस बोट लागते, ते राहिले. आमच्या कुटुंबानें एकच अट घातली: "बघायला जा. पण पोराच्या हातीं गळ देऊं नका." आम्हीं शब्द दिला.

आमच्या घरांत मासा शिजत नाहीं. हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, पुढें जें पाहिलें तें खाणाऱ्याच्या नजरेनें पाहिलेलें नाहीं.

बेट चंद्रकोरीसारखें वांकडें असून त्याच्या पश्चिमेस प्रवाळाचा कट्टा आहे. बेट आणि कट्टा यांच्यामधील उथळ, शांत पाण्यास भूगोलाच्या पुस्तकांत खाजण म्हणतात. आमच्या कोकणांत खाजण म्हणजे चिखल आणि खारफुटी. मुलांस हा शब्द शिकवितांना आम्ही काय चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें उभें करीत असूं, देव जाणे! येथलें पाणी पोपटी, आणि तळाची वाळू वाचतां येईल असें निर्मळ. मलिकूच्या साऱ्या मासेमारीचें मूळ या उथळ पाण्यांत आहे. बाहेरच्या समुद्रांत जो मोठा मासा धरावयाचा, तो आपल्या कुप्याच्या किंवा गेदराच्या जातीचा. पाठ निळीकाळी, पोट रुपेरी, आणि पोटावर लांबीच्या दिशेनें चार-सहा काळ्या रेघा. त्यास मेलेलें आमिष चालत नाहीं. जिवंत लहान मासे लागतात, आणि ते प्रवाळाच्या आश्रयास राहतात. पहांटे चौकोनी जाळें प्रवाळाजवळ पाण्यांत सोडतात, वर वाटलेल्या माशाचा लगदा टाकतात, आणि बोटभर लांबीचे चंदेरी मासे गोळा झाले कीं जाळें अलगद उचलतात.

हे मासे जिवंत ठेवण्याची युक्ति पाहून आम्ही थक्क झालों. होडीच्या मधोमध लाकडी कुंड आणि त्याच्या तळास भोंकें! होडीस भोंक पाडणारा मनुष्य आम्हीं मूर्खांच्या कथेंतच वाचला होता. येथें त्या भोंकांवाटे समुद्राचें पाणी आंत येतें, खेळतें आणि जातें. कुंडाच्या भिंती पक्क्या असल्यामुळें तें बाकीच्या होडींत शिरत नाहीं. बुडविणारी वस्तु उपयोगास लावली आहे. त्या कुंडांत हजारों मासे एकाच दिशेनें वर्तुळ घेत होते, आणि नातू त्यावर ओणवा होऊन बसला तो उठेना.

होडीवर दहा माणसें होतीं. तांडेल म्हणजे शिक्षकांचे थोरले बंधु, वय साठीच्या आंत-बाहेर, बोलणें जवळजवळ नाहीं. तरुणपणीं ते मालवाहू जहाजांवर होते. मलिकूचे पुष्कळ पुरुष जगभर खलाशी म्हणून हिंडतात, आणि घर, जमीन, गांवचा व्यवहार बायका सांभाळतात. पूर्वी येथें शिडाच्या होड्या होत्या. १९६० च्या आसपास यंत्रें आलीं, आणि मलिकूची ही काठीगळाची पद्धति पुढें इतर बेटांनींही उचलली. डॉ. एस. जोन्स या मत्स्यशास्त्रज्ञानें १९५८ साली या मासेमारीवर सविस्तर निबंध लिहिला होता, असें शिक्षकांनीं सांगितलें. आपल्या गांवावर निबंध झाला याचा त्यांस अभिमान होता, आणि तो आम्हांस आवडला.

कट्ट्याच्या फटींतून बाहेर पडतांच पाण्याचा रंग पालटला. पोपटी संपून एकदम गर्द निळा. होडी डुलूं लागली, आणि आम्हीं डोलकाठीच्या बुंध्यास मिठी मारली. मग सुरू झालें तें शोधणें. दीड तास गेला, दोन तास गेले. कोणी बोलेना. पुढच्या टोंकावर एक पोरगेला माणूस उभा राहून क्षितिज न्याहाळीत होता. शिक्षक म्हणाले, "तो पक्षी शोधतो आहे." लहान माशांचा थवा मोठ्या माशांनीं खालून वर रेटला कीं वरून पक्षी तुटून पडतात, म्हणजे पक्ष्यांखालीं मासा. परंतु त्या दिवशीं पक्षी दिसले ते दूर आणि पांगलेले. शेवटीं त्या पोरग्यानें हात केला तो पक्ष्यांकडे नव्हेच, पाण्याकडे. आम्हांस कांहींच दिसेना. शिक्षकांनीं बोट दाखविलें: निळ्या पाण्यांत एक काळसर छाया, ढगाची पडावी तशी, आणि आकाशांत तर ढग नव्हता.

येथें आम्हांस एक जुनी गोष्ट सांगणें भाग आहे. ती सांगूं नये असें वाटत होतें.

आमच्या वर्गांत एक कोळ्याचा मुलगा होता. नारळी पौर्णिमा झाली कीं तो आठवडेच्या आठवडे नाहींसा होई. परत आला कीं आम्ही त्यास उभें करीत असूं, आणि आळशी विद्यार्थ्यावरचीं सुभाषितें वर्गाकडून म्हणवून घेत असूं. एकदां आम्हीं विचारलें, "इतके दिवस समुद्रावर काय शिकलास तें सांग." तो म्हणाला, "गुरुजी, पाण्याचा रंग बघून मासा कळतो. ढग नसतां सावली पडली तर खालीं मासा." आम्ही म्हटलें, "वा! सावलीला ढग लागत नाहीं, असा हा नवा न्याय!" वर्ग हसला. आम्हीही हंसलों. पुढच्या वर्षी नववींत तो आला नाहीं, आणि हजेरीपटांतील त्याच्या नांवावर तांबडी रेघ आम्हींच ओढली. तो सारा प्रसंग आम्हांस त्या होडींत, डोलकाठीस धरून उभें असतां, एका क्षणांत आठवला.

छाया जवळ येतांच होडीचा चेहरामोहराच बदलला. एक मनुष्य कुंडांतून चिमटीचिमटीनें जिवंत मासे पाण्यांत फेकूं लागला. सढळ हातानें नव्हे, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनासारखे. दुसऱ्यानें पंपाचें पाणी फवाऱ्यासारखें समुद्रावर सोडलें. त्यामुळें पृष्ठभाग खळबळतो, लहान माशांची धांदल चालली आहे असा भास होतो, आणि माणसें व काठ्या खालून दिसत नाहींत. नातवाच्या हातांत एक जुनें लाकडी पळें देऊन त्यासही पाणी उडविण्यास सांगितलें. पंप येण्यापूर्वी हें काम असेंच होई. सहा जण मागच्या चौथऱ्यावर उभे राहिले. काठीस बेताचीच दोरी, दोरीस चकचकीत गळ, आणि गळास आमिष नाहीं. मासा नुसत्या चकाकीस फसतो. गळास उलटें आंकडेंही नसतें. म्हणून मासा वर झोकला आणि दोरी सैल पडली कीं तो आपोआप सुटून होडींत पडतो, व पुन्हां गळ पाण्यांत. हात लावण्याचें कारण नाहीं.

मासे दोन, तीन, चार किलोंचे. ते माणसांच्या डोक्यांवरून येत आणि फळ्यांवर आपटत. पडल्यावर शेपटीचा जो ताशा वाजतो, तो ऐकला पाहिजे. हा मासा पोहतां पोहतांच श्वास घेतो. थांबला कीं गुदमरतो. त्यामुळें त्याची तडफड अति वेगाची आणि थोड्या वेळाची. एक ताशा थांबे तों दहा नवे सुरू होत. फळ्या रक्तानें निसरड्या झाल्या. आम्हीं डोळे मिटले नाहींत, हें लिहून ठेवतों. मिटावेत असें मात्र दोन वेळां वाटलें.

इतक्यांत त्या पोरगेल्या माणसानें हंसून आपली काठी नातवापुढें केली. नातवानें ती घेतली नाहीं. तो आमच्याकडे वळला. "आजोबा, धरूं?"

आम्हीं दिलेला शब्द आम्हांस स्पष्ट आठवत होता. तरीही आम्हीं मान हालविली, ती होकारार्थी. कां, याचें उत्तर त्या रात्रीं कुटुंबानें मागितलें तेव्हांही आम्हांस नीट देतां आलें नाहीं. इतकेंच म्हणतां येईल कीं, समुद्रावरून आलेल्या एका मुलास आम्हीं एकदां खालीं बसविलें होतें, आणि दुसऱ्यास बसविण्याचें बळ तेव्हां आमच्यांत नव्हतें.

काठी पाण्याकडे जाते न जाते तोंच ती वांकली. पोर पुढें खेंचला गेला. मागच्या माणसानें त्याच्या कंबरेस विळखा घातला, आणि दोघांनीं मिळून मासा वर घेतला. तो नेमका नातवाच्या पायांशीं पडला. सारे ओरडले. नातू वांकला, त्यानें त्यावर तळवा ठेवला आणि चटकन् काढून घेतला. "आजोबा, हा गरम आहे," तो म्हणाला. खरेंच आहे, या जातीच्या माशाचें अंग भोंवतालच्या पाण्याहून ऊन असतें. पण आम्हीं तेव्हां तें शास्त्र त्यास सांगितलें नाहीं. दुसऱ्यांदा काठी पुढें झाली तेव्हां त्यानें मान हालविली, आणि पुन्हां पळें उचलून पाणी उडवूं लागला.

खरी गोष्ट पुढेंच आहे. मासा ऐन भरांत लागत असतां तांडेलानें मनगटावरचें घड्याळ पाहिलें, दोन शब्द उच्चारले, आणि यंत्र फिरलें. काठ्या आडव्या झाल्या. पाण्यांत ती काळी छाया तशीच होती. दोन तास शोधून मिळालेला थवा, कुंडांत अर्ध्याहून अधिक आमिष शिल्लक, आणि होडी परत! आम्हीं शिक्षकांस विचारलें, "हें आमच्यासाठीं?" ते म्हणाले, "भाऊ अडीच म्हणाला होता." आम्हीं पुष्कळ विनविलें कीं, जहाज चुकलें तर चुको. तांडेलांनीं आमच्याकडे पाहिलें देखील नाहीं. दहा घरांचें त्या दिवसाचें उत्पन्न आमच्यापायीं अर्धें राहिलें. होडीवरच्या कोणाच्याही तोंडावर नाराजी दिसली नाहीं. ती असणार, हें उघड आहे.

अलीकडे आमिषाचीच चणचण असते, असें परततांना शिक्षक सांगत होते. १९९८, २०१० आणि २०१६ या सालीं समुद्र तापून या बेटांभोंवतीचें प्रवाळ पांढरें पडलें आणि पुष्कळसें मेलें. प्रवाळ गेलें कीं चंदेरी मासा जातो, आणि तो गेला कीं बाहेरचा मोठा मासा असून नसल्यासारखा. मोठीं जाळीं टाकलीं तर आमिषावांचून चालेल. पण मग काठीगळाची ही रीत कशी टिकावी?

धक्क्यावर थोडा वेळ हातीं होता. शिक्षकांनीं मासाचें 'मासमीन' करण्याची जागा दाखविली. माशाचे लांब तुकडे काढून खाऱ्या पाण्यांत शिजवितात, नारळाच्या सोडणांवर धुरी देतात आणि उन्हांत वाळवितात, तों ते लांकडासारखे कठीण होतात. पांच किलो ताज्या माशाचें जेमतेम एक किलो उरतें. पण तें कित्येक महिने टिकतें. चौदाव्या शतकांत मालदीवांत राहिलेल्या इब्न बतूतानेंही या धुरावलेल्या माशाचें वर्णन केलें आहे, आणि तो हिंदुस्थान, चीन व येमेनपर्यंत जाई असें म्हटलें आहे. आम्हीं पैसे देऊं केले, ते तांडेलांनीं घेतले नाहींत. उलट केळीच्या पानांत बांधलेली मासमीनची एक पुडी आमच्या हातीं ठेविली. ज्या माणसानें आमच्यासाठीं भरलेला समुद्र सोडला, त्यास 'आम्ही खात नाहीं' हें कोणत्या तोंडानें सांगावें? पुडी घेतली आणि हात जोडले.

रात्रीं जहाजावर आम्हीं कुटुंबास सारें सांगितलें. नातू शेजारींच होता. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग तिनें त्याला विचारलें, "फार तडफडला का रे?" तो म्हणाला, "हो, पण थोडा वेळ." तिनें त्याचे हात पाहिले, पुन्हां साबण लावून धुवावयास पाठविलें, आणि आमच्याशीं दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत बोलली नाहीं. पुडीस मात्र तिनेंच पांच वर्तमानपत्रें गुंडाळलीं, आणि ती सामानाच्या कोणत्याही पिशवींत न ठेवतां निराळी बाळगावयास लावली.

घरीं आल्यावर चौथ्या दिवशीं नातवास घेऊन आम्ही हर्णैस गेलों. तो मुलगा आतां पन्नाशीचा गृहस्थ आहे व त्याची स्वतःची होडी आहे, हें आम्ही ऐकून होतों. सायंकाळचा लिलाव चालला होता. त्यानेंच आम्हांस ओळखलें. "गुरुजी? तुमी हितं?" म्हणून त्यानें एक खोका उपडा घालून आम्हांस बसविलें. आम्हीं पुडी पुढें केली. त्यानें एकेक कागद काढला, तुकडा बोटानें वाजवून पाहिला, कोयत्यानें एक कपची तासली, आणि सावकाश चघळली.

"कुपाच हाय. धूर दिलाय याला."

मग आम्हीं त्या छायेची हकीकत सांगितली, आणि म्हटलें, "तूं वर्गांत सांगितलेंस तें खरें होतें. आम्ही हंसलों, तें चुकलें."

तो आमच्याकडे पाहत राहिला. "कधीं सांगितलं मी, गुरुजी?" तो म्हणाला. खरोखरच आठवत नव्हतें कीं आमची लाज राखावयाची होती, तें त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तो नातवाकडे वळला आणि म्हणाला, "काय रे, काठी केवढी लांब व्हती?" नातवानें दोन्ही हात पसरले, ते पुरेनात, तेव्हां तो वाळूंत पावलें टाकून मोजूं लागला.